काळ्या हातांची विद्या

दरवर्षी डिसेंबर लागला की आमच्या हदगाव तालुक्यातील वस्त्यांमधून चैत्यभूमीला जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. एस.टी.ने नांदेड गाठायचे आणि तेथून मुंबईची रेल्वे धरायची, हा आमचा ठरलेला रस्ता. आम्ही या वाटेने पहिल्यांदा गेलो ते 1997 साली. तेव्हा आम्ही अकरावीला होतो. नांदेडच्या स्थानकावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाया-बापड्या भाकरीची गाठोडी घेऊन डब्यांकडे धावत होत्या, आणि आमचे वडील मात्र गाडीच्या पुढच्या टोकाकडे निघाले होते. आम्ही घाबरून त्यांच्या मागे पळालो. ते इंजिनापाशी जाऊन उभे राहिले. इंजिन जागेवरच धडधडत होते. पायाखालची फरशी हलत होती. वडिलांनी कान देऊन थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, "मालकाच्या विहिरीवरलंच इंजिन हाय हे. निस्तं थोरलं."

आम्हाला हसू आले. पण ते बरोबर बोलत होते, हे कळायला आम्हाला पंचवीस वर्षे लागली. ती हकिगत आज वाचकांपुढे मांडत आहोत.

आमचे वडील एका जमीनदाराकडे सालगडी होते. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचे ऑइल इंजिन होते आणि ते सुरू करणे हे वडिलांचे काम. हँडल घालायचे, वरची दांडी उचलून आतली हवा मोकळी करायची, जोर लावून चाक फिरवायचे आणि वेग आला की दांडी सोडून द्यायची. मग ते टुकटुक करीत चालू होई. दांडी सोडण्याची वेळ चुकली तर इंजिन उलटा झटका देते. अशाच एका झटक्यात वडिलांचे उजवे मनगट मोडले. मालकाने औषधपाण्याला पैसा दिला नाही, उलट खाडे कापले. मनगट वाकडेच बसले. त्या हातावरचा तेलाचा काळेपणा कितीही धुतला तरी नखांच्या कडेला राहायचा. तो हात आमच्यापुढे धरून वडील म्हणायचे, "लेकरा, तुझा हात असा होऊ देऊ नको. शिक अन् खुर्चीवर बस."

आम्ही शिकलो. बी.कॉम. झालो. कचेरीत लिपिक म्हणून लागलो. वस्तीतल्या मुलांना शिकवणीला बसवणे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणे, दाखले काढून देणे ही कामे आम्ही आजवर आनंदाने केली. परंतु मनात एक गोष्ट पक्की बसली होती. शिक्षण म्हणजे टेबल-खुर्ची, आणि काळे हात म्हणजे गुलामी. या समजुतीने आमच्याच घरात काय केले, ते ऐका.

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, 2015 साली दहावी झाला. आम्ही त्याच्यासाठी अकरावी वाणिज्यचा अर्ज आणून ठेवला होता. तो म्हणाला, "मामा, मला आय.टी.आय.ला जायचंय. डिझेल मेकॅनिक." आम्ही संतापलो. "तुझ्या आजोबाचा हात विसरलास का? तीन पिढ्या तेलातच घालवायच्या का आपण?" बहीण मध्ये पडली. "दादा, त्याचं मन लागतंय तिकडं, जाऊ द्या." आम्ही जाऊ दिले, पण आमचा आशीर्वाद दिला नाही. वर्षभराचा कोर्स झाला, तो पास झाला. आम्ही पेढासुद्धा तोंडात घातला नाही.

पुढची गोष्ट सांगताना आमची मान खाली जाते. भाच्याला जहाजावर जायचे वेड लागले. त्याच्या ओळखीतल्या कोणी सांगितले म्हणून तो नवी मुंबईतल्या एका एजंटाकडे गेला. एजंटाने थेट नोकरी लावून देतो म्हणून दोन लाख मागितले. बहिणीने गळ्यातली पोत मोडली, दोन शेळ्या विकल्या, बचत गटाचे कर्ज काढले. आम्हाला कोणी विचारले नाही, कारण आम्ही आधीच तोंड फिरवून बसलो होतो. कागद हातात पडला तो खोटा निघाला. एजंटाचे ऑफिस बंद आणि फोनही बंद. दुसऱ्यांचे कागद तपासून देणारा हा मामा, स्वतःच्या भाच्याचा कागद मात्र त्याने पाहिला नाही. त्या रात्री बहीण एवढेच म्हणाली, "दादा, तुम्ही रागावला नसता तर त्यानं तुम्हालाच इचारलं असतं."

त्यानंतर आम्ही जागे झालो. चौकशी केली. सरळ रस्ता होताच, आम्हीच तो पाहिला नव्हता. केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत सहा महिन्यांचे 'जी.पी. रेटिंग' प्रशिक्षण असते. दहावीला विज्ञान, गणित आणि इंग्रजी लागते. प्रशिक्षणानंतर खलाशाचे नोंदणीपुस्तक मिळते. जहाजावर माणसे पाठवणाऱ्या कंपनीकडे त्याच महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो, आणि अशा कंपनीला नोकरी लावण्यासाठी मुलाकडून पैसे घेण्यास कायद्याने मनाई आहे. एवढी एक ओळ ठाऊक असती तर बहिणीची पोत वाचली असती. आम्ही पतपेढीतून कर्ज काढले, भाच्याने प्रशिक्षण पुरे केले आणि 2019 च्या नोव्हेंबरात तो एका मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात 'वायपर' म्हणून लागला. वायपर म्हणजे पुसणारा. हातात फडके. आम्ही मनात म्हटले, शेवटी फडकेच.

नऊ महिन्यांनी तो यायचा होता. पण 2020 साली कोरोना आला, बंदरे बंद झाली. जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. आमचा भाचा त्यांतला एक. तो चौदा महिन्यांनी, 2021 च्या जानेवारीत घरी आला. त्या काळात बहीण रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसायची आणि विचारायची, "दादा, ते जहाज बुडत तर नसंल ना?" आम्हाला उत्तर माहीत नसायचे.

तो आला त्या रात्री अंगणात सगळी वस्ती जमली. आमचे वडीलही खाटेवर टेकून बसले होते. भाचा सांगू लागला आणि आम्ही पहिल्यांदा त्याचे नीट ऐकले.

त्याच्या जहाजाचे इंजिन सहा सिलिंडरचे, बारा-तेरा हजार हॉर्सपॉवरचे. उंची तीन मजली घराएवढी. त्याच्या भोवती लोखंडी जिने आणि माड्या बांधलेल्या, वरच्या माडीवर सिलिंडरची डोकी आणि तळाशी माणसाच्या कमरेपेक्षा जाड दांडा. आपल्या विहिरीवरचे इंजिन मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेते. हे राक्षसी इंजिन मात्र शंभर-सव्वाशेच घेते. तेवढ्या संथपणेच जहाजाचा पंखा पाणी नीट ढकलतो, म्हणून मध्ये गिअर लागत नाही, इंजिनाचा दांडा थेट पंख्याला जोडलेला असतो. जहाज मागे न्यायचे झाले तर इंजिन थांबवून उलट्या दिशेने सुरू करतात. हँडल मारणे तर अशक्यच, म्हणून टाक्यांत दाबून भरलेली तीस किलो दाबाची हवा सिलिंडरमध्ये सोडून ते फिरवतात.

वडिलांनी विचारले, "ठिणगी कुठून देतेत?"

भाचा म्हणाला, "ठिणगी नाही आजोबा. तुमच्या इंजिनासारखंच. हवा दाबली की तापते. पाचशे अंशांच्या वर जाते. त्यात तेलाचा फवारा मारला की आपोआप पेट घेतो."

वडील आमच्याकडे वळून म्हणाले, "म्या काय म्हणलो होतो नांदेडला?"

खरोखर, डिझेल इंजिनाचे सगळे शास्त्र एवढ्यात आहे. रुडॉल्फ डिझेल हा 1858 साली पॅरिसमध्ये जन्मलेला जर्मन इंजिनिअर. त्याच्या काळी वाफेची इंजिने होती आणि त्यांत जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी बहुतेक फुकट जात असे. डिझेलने 1897 साली जर्मनीतल्या ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखवले. ते वीसएक हॉर्सपॉवरचे होते आणि इंधनातल्या उष्णतेचा चौथा हिस्सा कामी लावत होते. त्या काळी तो चमत्कार होता. 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात या जातीचे एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. 1912 मध्ये 'सेलँडिया' हे डिझेलवर चालणारे मोठे जहाज डेन्मार्कहून आशियाच्या सफरीवर निघाले. आणि 1913 साली इंग्लंडला जाताना रात्री रुडॉल्फ डिझेल स्वतः एका जहाजावरून समुद्रात नाहीसा झाला. आज जहाजावरचे मोठे इंजिन इंधनातल्या उष्णतेपैकी जवळजवळ निम्मी कामी लावते. मोटारीच्या इंजिनाला ते साधत नाही.

या जातीचे एक अतिप्रचंड इंजिन 2006 साली 'एम्मा मर्स्क' या कंटेनर जहाजावर बसले. चौदा सिलिंडर, वजन 2,300 टन, लांबी सुमारे 27 मीटर, उंची साडेतेरा मीटर. एकेका दट्ट्याचा व्यास 96 सेंटिमीटर. ताकद सुमारे 1 लाख 9 हजार हॉर्सपॉवर. आम्ही पडलो वाणिज्यचे, लगेच भागाकार केला. वडिलांच्या पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनासारखी एकवीस हजारांहून जास्त इंजिने एका ठिकाणी!

पण आमच्या मनात घर केले ते भाच्याच्या फडक्याच्या कामाने. जहाज बंदरात उभे असताना सिलिंडरच्या खालच्या पोकळीत माणूस उतरतो. आत काजळी आणि तेलाचा चिकट गाळ साचलेला असतो. तो खरवडून पुसून काढावा लागतो. साचू दिला तर भर समुद्रात तिथे आग लागू शकते. उतरण्यापूर्वी इंजिन चुकूनही सुरू होणार नाही याची कुलपे लावतात, आत प्राणवायू आहे का ते मोजतात, परवानगीच्या कागदावर सही होते आणि तोंडाशी एक माणूस पहाऱ्याला बसतो. भाचा म्हणाला, "मामा, पुसता पुसता बघायचं असतं. दट्ट्याची कडी तुटली का, कुठं चरा पडला का. फडकं मारणाऱ्याला जे दिसतं ते वरच्या साहेबाला दिसत नाही. मी एकदा एक तुटकी कडी दाखवली. सेकंड इंजिनिअरनं माझ्या नावानं वहीत नोंद केली."

बहीण डोळे पुसत होती. आम्ही त्याचे हात पाहिले. नखांच्या कडेला तोच काळेपणा होता. पण वडिलांच्या हाताखाली कुलूप नव्हते, परवानगीचा कागद नव्हता, पहाऱ्याला माणूस नव्हता. तेलाने माणूस गुलाम होत नाही. ज्ञान, मजुरी आणि सुरक्षितता नाकारली की होतो. दोन्ही हात काळे असले तरी त्यांत फरक होता, आणि आम्ही इतकी वर्षे केवळ रंग पाहत होतो.

ही मोठी इंजिने केवळ समुद्रावर आहेत असे नाही. नांदेडला वडिलांनी ज्याचा आवाज ऐकला तसले डब्ल्यूडीएम-2 जातीचे रेल्वे इंजिन बनारसच्या कारखान्यात 1964 पासून तयार होत होते. सोळा सिलिंडर, 2,600 हॉर्सपॉवर. त्यातली गंमत मुलांना सांगण्यासारखी आहे. त्यातले डिझेल इंजिन चाके फिरवतच नाही. ते वीज तयार करते आणि चाकांच्या आसांवर बसवलेल्या मोटारी त्या विजेवर गाडी ओढतात. म्हणजे ती गाडी आपले वीजघर बरोबर घेऊन धावते. आता आमच्या भागातल्या रुळांवरही विजेच्या तारा आल्या आणि डिझेलची धडधड कमी झाली.

आपल्या महाराष्ट्राचा या विद्येत मोठा वाटा आहे. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली निघाली. शेतातल्या छोट्या इंजिनांपासून तिने नौदलाच्या जहाजांच्या मोठ्या इंजिनांपर्यंत मजल मारली. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आणि 1989 साली नौदलात आलेली 'खुकरी' ही युद्धनौका किर्लोस्करने फ्रेंच परवान्याखाली बनवलेल्या डिझेल इंजिनांवर चालत असे. पुण्यात कोथरूडला 1962 पासून कमिन्सची इंजिने तयार झाली. मोठी इस्पितळे, पाण्याच्या योजना, संगणकांची माहिती साठवणारी केंद्रे, या सगळ्यांच्या मागच्या अंगणात लोखंडी पेटीत एक डिझेल इंजिन गप्प उभे असते. वीज गेली की काही सेकंदांत त्याने उठले पाहिजे, एवढेच त्याचे काम. वर्षभर ते कोणाला आठवत नाही.

ते उठले नाही तर काय होते? 11 मार्च 2011 रोजी जपानमध्ये भूकंप झाला. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राची बाहेरून येणारी वीज तुटली. ठरल्याप्रमाणे आपत्कालीन डिझेल इंजिने सुरू झाली आणि अणुभट्ट्या थंड ठेवणारे पंप चालू राहिले. पण तासाभरात त्सुनामीची लाट आली. बहुतेक इंजिने तळघरासारख्या खालच्या जागी बसवलेली होती, ती आणि विजेच्या पेट्या पाण्यात गेल्या. पंप थांबले आणि तीन अणुभट्ट्यांचा गाभा वितळला. एवढे प्रगत राष्ट्र, एवढे मोठे अणुशास्त्र, आणि सगळा डोलारा कुठे उभा होता? मागच्या बाजूच्या डिझेल इंजिनावर. पाचव्या आणि सहाव्या भट्ट्या वाचल्या त्यात उंचावर बसवलेल्या, हवेवर थंड होणाऱ्या एका इंजिनाचा मोठा हात होता.

डिझेलची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याचा धूर छातीला वाईट. आवाजाने कान जातात, इंजिनघरात कान झाकल्याशिवाय पाऊल टाकू देत नाहीत. जहाजाचे जड तेल डांबरासारखे असते, सव्वाशे अंशांच्या आसपास तापवल्यावर ते फवारता येते. त्यातल्या गंधकावर 1 जानेवारी 2020 पासून जगभर साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याची मर्यादा आली. 2050 च्या सुमारास जहाजांचा कार्बन निव्वळ शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट राष्ट्रांनी 2023 मध्ये ठरवले आहे. मेथेनॉलवर चालणारी इंजिने येऊ लागली आहेत. तेल बदलेल, इंजिन बदलेल. शिकलेला हात नव्या इंजिनाशीही जुळवून घेईल. न शिकलेला हात कुठल्याच इंजिनापाशी टिकणार नाही.

बाबासाहेबांनी यंत्राला कधी शत्रू मानले नाही. माणसाला ढोरमेहनतीतून सोडवून विचाराला फुरसत द्यायची तर यंत्र हवे, अशी त्यांची मांडणी होती. 1942 ते 1946 या काळात ते मजूरमंत्री असताना देशाच्या विजेच्या धोरणाचा पाया घातला गेला आणि कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारा कायदा 1946 साली झाला. यंत्र हवे, पण यंत्रापाशी उभ्या माणसाचे तासही मोजले पाहिजेत, हे दोन्ही त्यांनी एकत्र पाहिले. आम्ही मात्र त्यांच्या 'शिका' या शब्दाचा अर्थ फक्त खुर्ची असा करून घेतला.

वाचकांना आमची हात जोडून विनंती आहे. तुमच्या घरातले पोर मोटार उघडून बसत असेल, पंप दुरुस्त करीत असेल, तर त्याला हिणवू नका. त्याच्याबरोबर बसा. आय.टी.आय.चा अर्ज त्याच्याबरोबर भरा. संस्थेची मान्यता तपासा, कंपनीचा परवाना तपासा, आणि नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याच्या दारातून परत फिरा. मुलगी जायची म्हणाली तरी तिलाही पाठवा. आणि राग आला तरी बोलणे बंद करू नका. घराने तोंड फिरवले की पोरे एजंटाच्या हाती लागतात, हे आम्ही दोन लाख रुपये देऊन शिकलो.

वडील 2022 साली गेले. जाण्यापूर्वी भाच्याने मोबाइलवर आपल्या इंजिनघराचे चित्रण त्यांना दाखवले होते. त्यांनी चित्राकडे फारसे पाहिले नाही. डोळे मिटून मोबाइल कानाशी धरला आणि आवाज ऐकत राहिले. मग वाकड्या मनगटाचा तो हात भाच्याच्या हातावर ठेवून म्हणाले, "बरं चालू लालंय."

भाचा आता मोटरमन झाला आहे. बचत गटाचे कर्ज फिटले. गेल्या वेळी त्याने आईसाठी नवी पोत आणली. आम्ही या वेळी पेढे आणले आणि वस्तीत स्वतः वाटले. सात वर्षे उशीर झाला होता, पण भाच्याने पहिला पेढा आमच्याच तोंडात घातला.

जयभीम!